बार्बेक्यूच्या शेगडीचा रंग दर मोसमात निघतोय? आधी पोपडा उलटा करून बघा

यातलं काय दिसतंय ते आधी बघा.

नवा रंग दिल्यावर पहिल्या-दुसऱ्या विस्तवातच मण्याएवढे फुगे येतात, फुटतात आणि पोपडे सुटतात. किंवा महिना-दोन महिने रंग छान राहतो आणि मग कडेनं, रिव्हेट आणि बिजागरीच्या भोवती गंज खालून वर येऊन पापुद्रा उचलतो. काही शेगड्यांचा काळा रंग करडा पडतो, बोट फिरवलं की खडूसारखी पूड हाताला लागते. काहींच्या झाकणाच्या आतून काळे पातळ पापुद्रे लोंबतात आणि खाण्यावर पडतात. पायांचा रंग आठवड्यानंतरही मऊ असतो, नख लावलं की उठतो. आणि सगळ्यात जास्त येणारी तक्रार तळाची: वरून शेगडी ठीक, पण राखेखाली पत्रा तांबूस होऊन कोंड्यासारखा सुटतोय.

मी अलिबाग-रेवदंडा पट्ट्यात फॅब्रिकेशनचं काम करतो. इथे होमस्टे आणि शनिवार-रविवारची घरं वाढली तशा बार्बेक्यूच्या शेगड्याही वाढल्या. अर्ध्या पिंपाच्या, चौकोनी पेटीच्या, कुणी परदेशातून आणलेल्या गोल झाकणाच्या. पाऊस संपला की दसऱ्याच्या आसपास त्या माझ्या दारात येतात, कारण दिवाळीच्या सुट्टीचं बुकिंग लागलेलं असतं. "दादा, गेल्या वर्षीच रंग दिला होता, परत निघाला." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता शेगडी टेम्पोतून उतरायच्या आत माझा हात पोपड्याकडे जातो.

रंग निघाला की लोक रंगाचा ब्रँड बदलतात. दुसऱ्या वर्षी महागडा डबा आणतात आणि तोही निघतो. माझ्याकडे आलेल्या शेगड्यांत डबा खराब निघाला असं फार क्वचित झालंय. कारण बहुतेक वेळा रंगाच्या खाली असतं, किंवा रंग दिल्यानंतर केलेल्या (किंवा न केलेल्या) कामात असतं. म्हणून खालच्या तपासण्या त्याच क्रमानं करा. पहिल्या चार-पाचांना जवळजवळ काहीच खर्च नाही.

पोपडा उलटा करा

सुटलेला एक पोपडा नखानं अलगद काढा आणि त्याची मागची बाजू उजेडात बघा. शेगडीवर तो जिथून निघाला ती जागाही बघा. खर्च शून्य, वेळ एक मिनिट, आणि अर्ध्याहून जास्त निदान इथेच होतं.

मागची बाजू विटकरी आणि भुसभुशीत असेल तर खाली रेड ऑक्साईड आहे, म्हणजे गंज अडवायला रंगाखाली देतात तो तांबडा प्रायमर. मागे खरा गंज चिकटून आला असेल, म्हणजे खरखरीत आणि थरावर थर, तर गंज नीट न काढताच रंग मारलाय. मागची बाजू काळी, चिकट, तेलकट चमकणारी असेल तर चरबीवर रंग बसलाय. मागची बाजू स्वच्छ आणि शेगडीवरचा पत्रा आरशासारखा गुळगुळीत असेल तर रंगाला धरायला काही मिळालंच नाही. आणि मागे आधीचाच जुना रंग दिसत असेल तर नवा रंग पत्र्याला चिकटलेला नसून जुन्या रंगाला चिकटलाय, आणि जुन्यानं जागा सोडली.

नागावच्या एका ताईंच्या शेगडीला एका मोसमात तीनदा रंग झाला होता. रंगारी चांगला होता, घराच्या खिडक्या-दरवाजे त्यानंच सुंदर रंगवलेत. त्यानं शेगडीलाही तसंच केलं: गंज घासला, रेड ऑक्साईडचा हात दिला, खड्ड्यांत लांबी (पुट्टी) भरली आणि वर उष्णतारोधक काळा रंग. मी पोपडा उलटा केला तर मागे विटकरी भुकटी होती, फुंकर मारली की उडत होती. वरचा रंग शाबूत होता. खालचा रेड ऑक्साईड जळून राख झाला होता, आणि राखेवर कुठला रंग टिकणार? खिडकीच्या गजाला जे योग्य आहे तेच विस्तवाच्या पेटीला घातक आहे. नेहमीचा रेड ऑक्साईड आणि लांबी दोन्ही विस्तवाची उष्णता सोसत नाहीत. पेटीला आणि झाकणाला प्रायमर द्यायचाच असेल तर तोही उष्णतेसाठीच बनवलेला हवा. बहुतेक उष्णतारोधक रंग तर थेट उघड्या पत्र्यावरच द्यायचे असतात.

तो रंग आहे तरी का?

झाकणाच्या आतून पडणारे काळे पापुद्रे बघून लोक घाबरतात. एका होमस्टेत पाहुण्यांनी "रंग खाण्यात पडला" म्हणून जेवण परत पाठवलं होतं. मी तो पापुद्रा दोन बोटांत चुरडला, त्याची काजळी झाली. चरबी आणि धूर झाकणाला लागून, पुन्हापुन्हा तापून त्याचा कोळशासारखा थर बनतो आणि जाड झाला की रंगासारखाच पापुद्र्यानं सुटतो. खरा रंगाचा पापुद्रा चुरडल्यावर तुकड्यांत मोडतो, त्याची सहजासहजी काजळी होत नाही.

काजळी असेल तर शेगडीला रंगाची गरजच नाही. झाकण कोमट असताना रंगाऱ्याच्या पत्तीनं आतून खरवडा, साबणाच्या गरम पाण्यानं धुवा, संपलं. शेगडीच्या आतून, जिथे खाणं असतं त्या बाजूनं, मी रंग देतच नाही. आतला पत्रा आणि जाळी बिडाच्या तव्यासारखी सांभाळायची: घासून, सुकवून, शेंगदाणा किंवा जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात द्यायचा आणि धूर येईपर्यंत तापवायचं. दोन-तीनदा केलं की काळा कठीण थर बसतो.

जाळी घासताना वायर ब्रशची तुटलेली तार अडकून राहते. घासून झाल्यावर ओल्या फडक्यानं जाळी पुसा आणि बोटानं चाचपून बघा. ती तार मटणाबरोबर पोटात गेली तर ऑपरेशनची वेळ येऊ शकते.

लोहचुंबक लावून बघा

सगळ्या शेगड्या रंगवायच्या नसतात. चुंबक चिकटत नसेल तर शेगडी ॲल्युमिनियमची किंवा स्टेनलेसची असू शकते. स्टेनलेसवर निळसर-सोनेरी छटा आली म्हणजे ती तापलीय, एवढंच. तिला रंग लागत नाही, टिकतही नाही.

गोल किटलीसारख्या परदेशी शेगडीवर गुळगुळीत, काचेसारखा चमकणारा थर असतो. या आकाराची शेगडी १९५२ साली शिकागोजवळ जॉर्ज स्टीफन यांनी बोयाच्या, म्हणजे पाण्यावर खूण म्हणून तरंगत ठेवतात त्या पिंपाच्या, धातूच्या गोळ्यापासून पहिल्यांदा केली. तिच्यावरचा थर रंग नाही, आजीच्या इनॅमलच्या टोपावर असतो तसा काच वितळवून बसवलेला लेप आहे. तो घासून काढायला जाल तर चांगली शेगडी बिघडवाल. टवका उडालाय तेवढीच जागा घासा आणि तिथेच बाहेरून उष्णतारोधक रंगाचं बोट लावा.

चुंबक चिकटतोय, पण पत्र्यावर बर्फाच्या स्फटिकांसारखी चंदेरी नक्षी दिसते, तर तो जीआय पत्रा आहे. त्याच्यावर जस्ताचा मुलामा असतो. जस्त ४२० अंशांच्या आसपास वितळतं, आणि फुंकलेला निखारा ७०० अंशांच्या पुढे जातो. रंग निघतो हा तर छोटा प्रश्न झाला. जस्ताचा धूर छातीत गेला की रात्री हुडहुडी भरून ताप येतो, हे प्रत्येक जुन्या वेल्डरला माहीत आहे. अशी पेटी कोळशासाठी वापरूच नका. ती माझ्याकडे आली तरी मी रंगवत नाही, काळ्या पत्र्याची, म्हणजे जस्त नसलेल्या साध्या लोखंडी पत्र्याची, नवी करून देतो.

डब्यावरचा आकडा वाचा

रिकामा डबा किंवा स्प्रेचा कॅन अजून माळ्यावर असेल तर काढा. साधा ऑइल पेंट १००-१२० अंशांच्या पुढे पिवळा-तपकिरी पडून ठिसूळ होतो. हार्डवेअरच्या दुकानात "सिल्व्हर द्या" म्हटलं की मिळतो तो चंदेरी रंग बहुतेक वेळा गेटचा असतो. चंदेरी असणं म्हणजे उष्णता सोसणं नव्हे.

स्प्रेच्या कॅनवर आकडा असतो, पण तो सेल्सिअस की फॅरनहाइट ते बघितलं जात नाही. १२०० फॅरनहाइट म्हणजे साधारण ६५० सेल्सिअस, हा शेगडीला चालतो. ५०० फॅरनहाइट म्हणजे फक्त २६० सेल्सिअस, तो गाडीच्या इंजिनाचा रंग आहे. झाकणाला बाहेरून कदाचित तग धरेल, निखाऱ्यालगतच्या पत्र्यावर नाही. पेटीसाठी ६०० सेल्सिअस किंवा अधिक, सिलिकॉनचा रंग घ्या.

पावडर कोटिंगचंही, म्हणजे रंगाची पूड भट्टीत वितळवून बसवतात त्या लेपाचंही, तेच. दिसायला देखणं, म्हणून बरेच जण करून घेतात. पण नेहमीची पावडर पॉलिएस्टरची असते, आणि कोळशाच्या पेटीवर ती पहिल्या हिवाळ्यातच करपते. ट्रॉलीला आणि पायांना मात्र उत्तम.

थिनरचं फडकं

पांढऱ्या फडक्यावर थोडा थिनर घेऊन रंगावर दहा-बारा वेळा चोळा. रंग फडक्यावर उतरला तर तो अजून पिकलेला नाही.

रंग हाताला लागत नाही म्हणजे तयार झाला, असं इथे होत नाही. सिलिकॉनचा रंग हवेवर फक्त सुकतो, घट्ट होतो तो विस्तवावर. साधारण २०० अंशांवर तासभर तापला की त्याची पक्की जाळी बांधली जाते. तोवर तो नखानं उठतो, तेलानं मऊ होतो, रॉकेलचा थेंब पडला तर सुटतो. रंग दिला, दोन दिवस ठेवला आणि तिसऱ्या दिवशी वीस पाहुण्यांसाठी पेटीभर कोळसा पेटवला, की आत अडकलेला थिनर एकदम उकळून बाहेर येतो. पहिल्याच विस्तवात येणारे मण्यासारखे फुगे ते हेच.

यातून पायांचंही कोडं सुटतं. पाय कधी २०० अंश तापतच नाहीत, त्यामुळे तिथे लावलेला महागडा उष्णतारोधक रंग जन्मभर कच्चाच राहतो. पाय, ट्रॉली, खालची जाळीची फळी यांना साधा रेड ऑक्साईड आणि साधा ऑइल पेंट द्या. तिथे तोच जास्त टिकतो.

शेगडी विझवतंय कोण आणि कशी?

ही तपासणी शेगडीची नाही, माणसांची आहे, आणि मी ती कधी सोडत नाही. रात्री अकराला पाहुणे उठतात, मुलगा दमलेला असतो, तो निखाऱ्यांवर बादलीभर पाणी ओततो. ६० सेंटीमीटरचा पत्रा ३०० अंश तापला की साधारण २ मिलिमीटर लांब होतो. त्याच्यावर गार पाणी पडलं की तो क्षणात आखडतो, रंगाला तेवढं जमत नाही, आणि केसासारख्या भेगा पडतात. बिडाची पेटी असेल तर ती स्वतःच तडकू शकते. वर ओली राख तळाशी बसते. लाकडी कोळशाच्या राखेत क्षार असतात, ते हवेतली ओल धरून ठेवतात. तळ सडतो तो इथून.

विझवायची तर झाकण आणि खालचा वारा बंद करा, निखारे आपोआप मरतात. सकाळी राख कोरडी असतानाच काढा. कोळसा थेट पेटीच्या पत्र्यावर न ठेवता दोन इंच उंच जाळीवर ठेवा. ब्लोअर किंवा टेबलफॅन लावून पेटवत असाल तर फक्त पेटेपर्यंत, नंतर बंद. पेटवायला रॉकेल ओतलं तर ते बाहेरून ओघळतं आणि त्याच रेषेत रंग उठतो. तशी उभी रेष दिसली की मी विचारायच्याही आधी मला उत्तर कळलेलं असतं.

पाण्याचा थेंब

आता जरा कष्टाच्या तपासण्या. पोपडे काढलेल्या, घासलेल्या पत्र्यावर स्वच्छ पाणी शिंपडा. पाणी सलग पसरलं तर पत्रा स्वच्छ आहे. अळवाच्या पानावरच्यासारखे थेंब वेगवेगळे राहिले तर चरबी अजून तिथेच आहे, डोळ्यांना दिसत नसली तरी.

चरबी काढायचं काम घासायच्या आधी करायचं असतं. उलट केलं तर पॉलिश पेपर तीच चरबी पत्र्याच्या ओरखड्यांत दाबून भरतो. कडक गरम पाणी, भांड्यांचा साबण, धुण्याचा सोडा आणि काथ्या, दोनदा-तीनदा. फारच जुनी चिकट चरबी असेल तर कॉस्टिक सोडा, पण रबरी हातमोजे आणि चष्मा घालून, आणि पाण्यात सोडा टाकायचा, सोड्यावर पाणी ओतायचं नाही. ॲल्युमिनियमला कॉस्टिक लावू नका, तो फसफसून धातूच खातो आणि पेट घेणारा वायू सोडतो.

किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांसाठी यात एक पायरी जास्त आहे. खाऱ्या वाऱ्यानं पत्र्यावर मीठ बसलेलं असतं, गंजाच्या बारीक खड्ड्यांत तर नक्कीच. रंगाखाली मीठ राहिलं की ते ओल ओढून घेतं आणि गंज आतून रंगाला ढकलतो. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो, त्यामुळे पापुद्रा उचलला जाणारच. म्हणून शेवटचं धुणं भरपूर गोड्या पाण्यानं. आमच्याकडे बऱ्याच विहिरींचं पाणी मचूळ असतं. त्यानं धुतलेल्या शेगड्यांना चार दिवसांत परत तांबेरा आलेला मी बघितलाय. नळाचं किंवा टाकीत साठवलेलं पावसाचं पाणी घ्या.

ठोकून आणि टोचून बघा

छोट्या हातोडीनं पेटी सगळीकडून हलकेच ठोका. चांगला पत्रा खणखणतो, सडलेला बद्द वाजतो. बद्द वाजेल तिथे स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबा. आत गेलं, किंवा पत्रा दबला, तर रंगाचा विचार तिथेच थांबवा. अशा शेगडीवर दिलेला रंग म्हणजे भोकाला झाकण. भरल्या निखाऱ्यांसकट तळ खाली यायचा, आणि खाली लाकडी डेक असेल तर काय होईल ते सांगायला नको. वेल्डरकडून तळ बदलून घ्या, किमान १६ गेजचा, म्हणजे साधारण दीड मिलिमीटरचा काळा पत्रा.

आता रंग काढायचा

इथपर्यंत येऊन शेगडी पूर्ण उघडी करायची ठरली असेल तर जुना रंग कधीचा आहे ते आधी विचारा. भारतात घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिसं ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भाग) जास्त असू नये हा नियम २०१६ साली आला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात, आणि कारखान्यांसाठीच्या रंगात नंतरही, शिसं असू शकतं. म्हणून जुना रंग कोरडा घासायचा नाही आणि लाकडं पेटवून जाळायचाही नाही. शेगडीत मोठा जाळ करून जुना रंग उडवायची पद्धत आमच्याकडे सर्रास आहे. मी ती सोडलीय. त्या धुराला लहान मुलं उभी असतात.

पेंट रिमूव्हरची जेली जाडसर लावा, वर प्लास्टिकचा कागद चिकटवा म्हणजे ती लवकर उडून जात नाही, आणि रंग सुरकुतला की पत्तीनं एकाच दिशेनं काढा. हे काम अंगणात, वाऱ्यावर करा. त्यातली बरीच रिमूव्हर बंद खोलीत जीवघेणी ठरू शकतात, साध्या कापडी मास्कनं ती वाफ अडत नाही. उरलेला रंग पाणी लावून पॉलिश पेपरनं काढा आणि निघालेला चिखल वर्तमानपत्रात गोळा करा. माडाच्या आळ्यात टाकू नका.

गंजासाठी ग्राइंडरला वायरचा कप लावतात. त्यानं काम झटपट होतं, पण तो गंज पूर्ण काढत नाही, दाबून चकचकीत करतो. दिसायला पत्रा स्वच्छ, प्रत्यक्षात खड्ड्यांत गंज आणि वर गुळगुळीत पॉलिश. सुरुवातीला सांगितलेला "आरशासारखा पत्रा" हाच. वायरनंतर ८० नंबरचा पेपर आणि मग १२० नंबरचा मारलाच पाहिजे, नखाला खर लागेल इतपत. रस्ट कन्व्हर्टर, म्हणजे गंज न काढता त्याचाच घट्ट थर बनवणारं रसायन, वापरायचा मोह होतो. साधा फॉस्फोरिक आम्लाचा असेल तर खड्ड्यांपुरता लावा, मग धुवा आणि सुकवा. दुधासारखा पांढरा, लावल्यावर काळी फिल्म बनवणारा असेल तर पेटीला नको, त्यातलं प्लास्टिक तापल्यावर जळतं.

रंगाचा दिवस

घासलेला पत्रा समुद्राकाठी एक रात्र राहत नाही. संध्याकाळी चंदेरी ठेवलेला सकाळी केशरी दिसतो. त्यामुळे शेवटची घासणी आणि पहिला हात एकाच दिवशी, मध्ये जेवणाएवढंच अंतर. पावसाळ्यात हे काम मी घेत नाही. हवेत ८५ टक्क्यांहून जास्त दमटपणा असला की पत्र्यावर न दिसणारी ओल बसते. ऑक्टोबरच्या उन्हात दहा ते तीन ही चांगली वेळ. आधी पत्रा उन्हात किंवा हीटगननं कोमट करा, हात ठेवता येईल इतकाच. थिनरच्या स्वच्छ फडक्यानं पुसा, त्यानंतर उघड्या हातानं शिवू नका.

हात पातळ. हे मी प्रत्येकाला दोनदा सांगतो, कारण आपल्या मनात जाड रंग म्हणजे मजबूत रंग असं बसलेलं आहे. उष्णतारोधक रंगाचा एक हात सुकल्यावर २०-२५ मायक्रॉन असावा. दोन हात मिळून साध्या कागदाच्या निम्म्या जाडीएवढे. पत्रा तापून वाढतो तेव्हा पातळ रंग त्याच्याबरोबर ताणला जातो, जाड रंग तडकतो. स्प्रे असेल तर कॅन दोन मिनिटं हलवा, वीतभर किंवा थोडं जास्त अंतर ठेवा, आणि पहिल्या हातात खालचा पत्रा किंचित दिसला तरी चालेल. दुसरा हात कधी द्यायचा ते कॅनवर लिहिलेलं असतं. ती वेळ पाळली नाही तर रंग सुरकुततो. आतून रंग नाही. कोळशाची जाळी, खाण्याची जाळी, गॅसची शेगडी असेल तर बर्नर, नळी आणि नॉब यांना तर अजिबात नाही.

दुसऱ्या दिवशी रंग पिकवा. पंधरा-वीस कोळसे, झाकण लावून, आत ओव्हनचा साधा थर्मामीटर ठेवून. पहिला अर्धा तास शंभर-सव्वाशे अंश, मग थोडे कोळसे वाढवून दीडशेपुढे, शेवटी दोनशेच्या वर तासभर. वास येतो, थोडा धूर येतो, ते अपेक्षित आहे. पण या विस्तवावर काहीही भाजू नका, आणि शेगडी व्हरांड्यात नव्हे, उघड्यावर असू द्या. गार आपोआप होऊ द्या. मग परत थिनरचं फडकं. ते पांढरंच राहिलं तर काम झालं.

पावसाळ्याआधी राख पूर्ण काढा, आतून तेलाचा हात द्या, जाळ्या घरात घ्या. शेगडी प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळू नका, आत घाम धरतो. पडवीत विटांवर ठेवून वरून सैल ताडपत्री टाका, खाली वारा खेळू द्या.

कुठे थांबायचं

पिंपाची शेगडी असेल आणि पिंपात आधी काय होतं ते माहीत नसेल, तर ती वापरू नका. आणि बंद पिंप स्वतः ग्राइंडरनं कापू नका, रिकामं दिसलं तरी आत राहिलेल्या वाफेचा ठिणगीनं स्फोट होतो. हे काम पिंप धुऊन, वाफ काढून कापणाऱ्याकडेच द्यायचं.

गंजाचे खड्डे सगळीकडे पसरले असतील आणि पत्रा अजून जाड असेल तर हातानं घासण्यात आठवडा घालवू नका. औद्योगिक वसाहतीत ब्लास्टिंग करणारे, म्हणजे हवेच्या दाबानं बारीक कण मारून गंज उडवणारे असतात. त्यांना आधी पत्र्याची जाडी सांगा, दीड मिलिमीटरच्या खालचा पत्रा वाकडा होऊ शकतो. आणि साध्या वाळूऐवजी स्टील ग्रिट किंवा गार्नेट वापरतात का ते विचारा. वाळूची धूळ त्या कामगाराचं फुप्फुस कायमचं निकामी करते. जो दुकानदार माणसाला रुमाल बांधून उभा करतो, त्याच्याकडे मी काम देत नाही. ब्लास्टिंगहून शेगडी आली की त्याच दिवशी रंग.

जुन्या झाकणाच्या कडेला करड्या-पांढऱ्या तंतूंची दोरी किंवा पट्टी असेल तर ती खरवडू नका. जुन्या वस्तूंत ती ॲस्बेस्टॉसची असू शकते. तशीच ठेवून जाणकाराला दाखवा.

घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल आणि रंग जुना असेल, तर रंग काढायचं काम घराच्या आवारात करूच नका, बाहेर द्या.

गॅसची शेगडी असेल तर तुमचं काम बाहेरचा पत्रा आणि झाकण एवढंच. रंगापूर्वी सिलिंडर काढून दूर ठेवा. काम झाल्यावर जोडताना सांध्यांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते बघा. नळीला चिरा दिसल्या, नळी पाच वर्षांपेक्षा जुनी असली, किंवा व्हॉल्व्ह जाम असला, तर एजन्सीच्या मेकॅनिकला बोलवा. रंगाच्या थिनरच्या वासात गॅसचा वास झाकला जातो, म्हणून दोन्ही कामं एका दिवशी नकोत. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साचतो. वास आला तर रेग्युलेटर बंद करा, दिव्याच्या बटणाला हात लावू नका, माणसांना बाहेर काढा आणि बाहेर आल्यावर १९०६ ला फोन करा.